खालचं दुखलं की गॅस?

आमच्या बोईसरला पोटदुखीची नावं ठरलेली. वर जळजळलं की पित्त, खाली दुखलं की गॅस आणि रक्त दिसलं की मूळव्याध. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट ड्युट्या करणाऱ्या आम्हा मंडळींचं आयुष्य या तीन निदानांवर निघालं. साठीनंतर मला बेंबीखाली, डावीकडे दुखू लागलं. कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, पोट फुगलेलं. शौचाला जाऊन आलं की हलकं वाटे. मेडिकलमधून आणलेल्या चूर्णावर ते निभत होतं. एका रात्री मात्र दुखणं थांबेना, पोटाला हात लावू देईना, वर ताप. सीटी स्कॅनमध्ये निघालं डायव्हर्टिक्युलायटिस.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या शिरतात, ती जागा मुळात नाजूक. वयपरत्वे तिथून छोट्या पिशव्या बाहेर येतात. झिजलेल्या टायरमधून ट्यूबचा फुगा यावा तशा. बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. एखादी सुजली तर दुखणं आणि ताप, हाच डायव्हर्टिक्युलायटिस. तिथली रक्तवाहिनी फुटली तर न दुखताही भरपूर रक्त जातं. आशियाई लोकांत या पिशव्या उजवीकडेही बऱ्याच आढळतात, तेव्हा संशय अपेंडिक्सवर जातो.

गुडघे-कंबरेसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा आणि पिशवी फुटण्याचा धोका वाढतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. सूज उतरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर कोलोनोस्कोपी सांगतात. ती टाळू नका, कारण आतड्याचा कर्करोगही अशाच लक्षणांनी सुरू होऊ शकतो.

नुसत्या भातावर राहू नका. नाचणीची भाकरी, वाल, पालेभाज्या, डहाणूचे चिकू यांतून चोथा मिळतो. तो हळूहळू वाढवा. पेरू-टोमॅटोच्या बियांची भीती नको. चोथ्याला पाणी हवंच. चर्चगेट लोकलमध्ये शौचालय नाही म्हणून पालघरहून निघताना पाणी न पिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी उतरल्यावर तरी ती कसर भरून काढावी.

पोटदुखीसोबत ताप, उलट्या, कडक झालेलं पोट किंवा भरपूर रक्त, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. एरवीही पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलून काही आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. दुखतं कुठे, केव्हापासून, ताप-रक्त आहे का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या.