बॉनेट उघडा

आपल्या पलूस भागाला यंत्र नवं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला. तीच आजची किर्लोस्करवाडी. तिथं लोखंडी नांगर झाले. पुढे पाण्याचे पंप झाले. आता गावात जीप आहे, टेम्पो आहे, मोटार आहे. सणाला आपण गाडी बाहेरून धुतो, हार घालतो. पण बॉनेट उघडून आत कोण बघतं?

आम्हीही बघत नव्हतो.

ऊसतोडीचे दिवस होते. शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. आमच्या जुन्या जीपमधून तिला सांगलीला नेत होतो. निम्म्या वाटेवर जळका वास आला. बॉनेटच्या फटीतून धूर निघू लागला. चालवणाऱ्या पोरानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. सगळ्यांना खाली उतरवून लांब नेलं. बॉनेट उघडलं नाही. ते शहाणपणाचं झालं, कारण वारा मिळाला की आग भडकते. मागून एक टेम्पो आला. त्यानं सुनेला दवाखान्यात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. धूर आपोआप विझला. पण आमची झोप उडाली.

सकाळी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिनावर तेल आणि धूळ यांचा बोटभर थर होता. त्यात वाळलं पाचट अडकलं होतं. धूर बाहेर नेणारी नळी फार तापते. तिच्यावर पाचट पडून धुमसलं होतं. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, शाळा रोज झाडून घेत होता. मग हे कसं राहिलं?” आम्ही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जोराच्या पाण्याचा पाईप लावून इंजिन धुतलं. पाणी वायरींच्या जोडात शिरलं. जीप दोन दिवस चालू झाली नाही. सफाईलाही रीत असते, हे तेव्हा कळलं. ती रीत अशी :

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

२. बॅटरीवर दोन खुणा असतात, अधिक आणि वजा. आपण गणितात शिकलो त्याच. वजाची वायर आधी सोडा. जोडताना ती सर्वांत शेवटी जोडा. जवळ बिडी ओढू नका. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

३. पाचट, पानं, उंदराचं घरटं हातमोजे घालून काढा. कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. वायर कुरतडलेली दिसली तर मिस्त्रीला दाखवा.

४. डायनामो, फ्यूजची डबी आणि इंजिनात हवा जाते ते तोंड प्लास्टिकच्या पिशवीनं झाका.

५. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तेलकट थर घासा. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पेट्रोल मुळीच वापरू नका. त्याची वाफ ठिणगीनं पेटते.

६. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं काढा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. तो हात डोळ्याला लावू नका.

७. पिशव्या काढा. सगळं कोरडं होऊ द्या. लोंबणारी वायर तापणाऱ्या नळीपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून दूर बांधा. फडकी मोजा. चार नेली असतील तर चार परत आली पाहिजेत. आत राहिलेलं एक फडकंही पेट घेऊ शकतं.

तेलकट घाण ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. ते पाणी आपणच पितो.

विजेवर चालणाऱ्या गाडीत जाड नारिंगी वायर असते. तिला हात लावू नका. ते काम जाणत्याचं.

आमची जीप अशी पुसून झाली. चार दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडलं. स्वच्छ इंजिनावर एकाच जागी तेलाचा ताजा ओघळ दिसला. एक नळी झिजली होती. आधीपासून तिथूनच तेल गळत होतं. पण थराखाली ते दिसत नव्हतं. मिस्त्रीनं नवी नळी घातली. काम अर्ध्या तासाचं होतं. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही दोन जिवांना संकटात घातलं होतं.

पाटी पुसलेली असली की अक्षर दिसतं. इंजिन पुसलेलं असलं की दोष दिसतो. इंजिन पुसायचं ते चकाकीसाठी नव्हे, दोष दिसावा म्हणून.

आता तुम्हांला वाचता येतं. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पेटीत ठेवू नका. ती काढा आणि वाचा. ऊसतोडीच्या दिवसांत दर आठवड्याला एकदा तरी बॉनेट उघडा.

सांगा पाहू :
१. जीपमधून धूर का निघाला?
२. बॅटरीची कोणती वायर आधी सोडावी?
३. फडकी का मोजावीत?
४. तेल कुठून गळतं ते आधी का दिसलं नाही?