दिवेलागणीला आत, उजाडताच बाहेर

कोंबड्या घरात ठेवायच्या म्हणतेस ना सूनबाई, खुशाल ठेव. पण घरात म्हणजे पडवीत. माजघरात नाही, चुलीपाशी तर मुळीच नाही. आपल्याकडे कोकणात डालगं असायचं ते पडवीच्या कोपऱ्यात, आणि तेही रात्रीपुरतं. रानमांजर रात्री फिरतं म्हणून तो बंदोबस्त. दिवसा कोंबडी परड्यातच बरी. तिथे ती उकरते, किडे टिपते, धुळीत लोळून अंगावरच्या उवा झाडते. त्या लोळण्याच्या जागी चुलीतली राख टाकत जा.

पावसात डालग्यावर प्लास्टिक घालायचा मोह होईल. घालू नकोस. शिटेचा वास आत कोंडला, की पहाटे तुझेच डोळे चुरचुरतील, मग त्या तर रात्रभर त्यातच बसलेल्या. खाली भाताचा तूस पसर आणि ओला झाला, की त्याच दिवशी काढ. तो थेट माडाच्या बुंध्याशी ओतू नकोस, आधी खतात कुजू दे. महिन्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन डालग्याच्या सांध्यांत बघ. तांबूस बारीक किडे दिसले तर ओळखायचं, हे दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. कढत पाणी ओतायचं आणि डालगं कडक उन्हात वाळवायचं. कोंबडी उगाच फिकी पडली, की मी आधी डालगंच तपासते.

आता खुडूक कोंबडीचं. अंडी देणं थांबवून ती जागेवर फुगून बसते, हात नेला की गुरगुरते. तिला उठवायला पाण्यात बुडवतात, कोणी तर नाकात पीस खुपसतात. तो निव्वळ छळ आहे. पिलं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात 3-4 दिवस ठेव, दाणापाणी दे. पोटाखाली वारा लागला की उतरते. पिलं हवी असतील तर रवणाला बसव, पण अंधार पडल्यावर. अंधारात तिला दिसत नाही, त्यामुळे बिथरत नाही. अंडी 10-12 पुरेत, आठवड्यापेक्षा जुनी नकोत. सातव्या रात्री एकेक अंडं मुठीत धरून मागून बॅटरी लाव. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, की जीव धरला. नितळ दिसलं तर ते वांझोटं, काढून टाक. 21 दिवसांनी पिलं फुटतात. ती चोच मारत असताना सोलून मदत करायला जाऊ नकोस. पिलाच्या शिरा कवचाच्या पापुद्र्याला लागलेल्या असतात, रक्त येतं.

आईविना पिलं आणलीस तर बल्बची ऊब लागेल. अंदाज पिलंच देतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय.

खायला कणी, कोंडा, नाचणी चालेल. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका नको. माणसाला नको तो दाणा कोंबडीला, हा हिशेब चुकीचा. कवच पातळ येऊ लागलं तर तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घाल.

मानमोडीला मात्र राख-पाला चालत नाही. मान वाकडी होऊन हिरवट हगली, की बहुतेक वेळ गेलेली असते. त्यावर लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोनेक महिन्यांची झाली की पुढची टोचायची. लस बर्फात आणायची, फोडली की लगेच संपवायची. गुरांच्या दवाखान्यात विचार. आणि अचानक पटापट मरू लागल्या तर कापून खायचं नाही, शेजारी वाटायचं नाही, दवाखान्याला कळवायचं. 2006 साली नंदुरबारातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. नवी कोंबडी आणलीस तरी तीन आठवडे वेगळी ठेव, आणि मग रात्रीच्या वेळी बाकीच्यांत सोड. मुलांना डालग्याला हात लावू दे, पण नंतर साबणाने धुवायला लाव. पिलांची पापी घ्यायची नाही.

बदकांचं विचारत होतीस. अंडी कोंबडीखालीच उबवता येतात, फक्त 28 दिवस लागतात आणि ती बिचारी जास्तीचा आठवडाही बसते. पण बदकाची शीट पातळ, शिवाय ते पाणी उडवत चिखल करतं. ते पडवीतसुद्धा नको. विहिरीपासून लांब, मागच्या कुंपणाला त्यांची वेगळी खोपी घालून घे.