आधी व्हॉल्व्ह, मग पंप

नाशिक

चि. अनघास,



तू पाठवलेले डक्टमधले फोटो नीट पाहिले. फोनवर सांगता आलं असतं, पण पाण्याच्या कामात ऐनवेळी फोनवरचं बोलणं आठवत नाही, म्हणून लिहूनच पाठवतोय. हा कागद स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेव.

नळाचा वायसर बदलायला तू घराचा मेन व्हॉल्व्ह फिरवलास, तो पूर्ण बंद झाला नाही, आणि तेव्हापासून शॉवरचं पाणी आणखी बारीक झालं. प्लंबर म्हणतोय, प्रेशर पंप बसवा. पंपाला माझा कायमचा विरोध नाही. पण तुझ्या घरात आज पंप लावणं चुकीचं ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याचा जोर कुठे जातोय ते आधी शोधायला हवं, आणि तुझ्याच लिहिण्यावरून माझा पहिला संशय त्या मेन व्हॉल्व्हवर आहे.

तो गेट व्हॉल्व्ह आहे, गोल चाकाचा. आत एक पितळी पाचर असते. चाक फिरवलं की ती दांडीवरून खाली-वर होते. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की तिच्या बैठकीत गंज आणि क्षार साचतात, मग ती पूर्ण खाली बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. कधी उलट होतं. जोर लावला की पाचर दांडीवरून सुटते आणि मध्येच अडकून बसते. वर चाक छान फिरतं, आपल्याला वाटतं उघडलं, पण आत निम्मी वाट बंदच. तुझ्याकडे बहुधा हेच झालंय. दुसरी शक्यता अशी, की व्हॉल्व्ह हलल्यावर पाइपातला सुटा गंज वाहत आला आणि नळांच्या तोंडाशी असलेल्या जाळ्यांत अडकला.

यातलं कोणतं खरं, ते तुला स्वतःला कळू शकतं. घरातला प्रत्येक नळ एकेक करून पूर्ण उघड आणि पंधरा लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून लिहून ठेव. सगळेच नळ मंद असतील तर दोष मेन व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या वर, गच्चीच्या बाजूला. एखाददुसराच मंद असेल तर त्या नळाची जाळी काढ, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेव आणि जुन्या टूथब्रशने घास. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गीझरकडे जाणारा अँगल कॉक आणि मिक्सर बघायचा. शेजारच्यांनाही विचार. त्याच मजल्यावर, त्याच टाकीचं पाणी त्यांना नीट येत असेल तर दोष तुझ्याच लाइनीत आहे. दोन-अडीच मिनिटांत बादली भरली तर तुझ्या सगळ्यांत वरच्या, चौथ्या मजल्यावर मी त्याला ठीकच म्हणेन.

ठीक का म्हणतो, तेही समजून घे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर फक्त उंचीवर ठरतो. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, चौरस सेंटीमीटरला. टाकी हजार लिटरची असो की पाच हजारची, त्याने जोर वाढत नाही. तुझा शॉवर जमिनीपासून सात फुटांवर, छत दहा फुटांवर, आणि टाकीतलं पाणी गच्चीपासून फार तर पाच फूट वर. स्लॅब धरून शॉवरच्या डोक्यावर जेमतेम साडेआठ फूट पाणी उभं आहे, म्हणजे पाव किलोच्या आसपास. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला त्याच टाकीतून दीड किलोच्या जवळपास मिळतं. दुकानातले मोठ्या तोंडाचे पावसाळी शॉवर साधारण एक किलोच्या हिशोबाने केलेले असतात. ते तुझ्याकडे रडतच चालणार. कमी प्रेशरवर चालणारा साधा, लहान तोंडाचा शॉवर घे. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

जोर एवढा तुटपुंजा असल्यामुळेच वाटेतला प्रत्येक अडथळा तुला भोवतो. खालच्या मजल्यावर अर्धा बंद व्हॉल्व्ह कुणाच्या लक्षातही येत नाही. तुझ्याकडे तोच शॉवर बंद पाडतो. गच्चीवरून तुझ्या घरापर्यंत येणारा पाइप किती इंची आहे, वाटेत किती एल्बो आहेत, तेही बघून घे. एक इंची पाइपाचं तोंड अर्ध्या इंचीच्या चौपट असतं. अर्धा इंची फक्त नळाच्या शेवटच्या तुकड्यापुरता असावा. टाकी उंच करायची टूम कुणी काढली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नकोस. मीटरभर उंचीने दशांश किलो वाढेल, पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते विटांच्या चौथऱ्यावर उचलून ठेवायचं नसतं.

आता व्हॉल्व्ह बदलायचं. गेट व्हॉल्व्हच्या जागी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घे. पाव फेरीत उघडतो, पाव फेरीत बंद होतो, आणि दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद, हे लांबूनही दिसतं. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवायचा. अर्धवट ठेवून पाणी कमी-जास्त केलं तर आतली बैठक झिजते. व्हॉल्व्हला लागून युनियन टाकायला सांग, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही.

काम सुरू होण्याआधी गीझरचा स्विच बंद कर, हे विसरायचं नाही. लाइन बंद असताना गीझर चालू राहणं धोक्याचं आहे. मग गच्चीवरचा तुमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, त्या लाइनीवरच्या सगळ्यांना आदल्या दिवशी कळवायचं, आणि घरातला सगळ्यांत खालचा नळ उघडून पाइप रिकामा करायचा. गच्चीवरचा व्हॉल्व्हही जुनाच असेल. तो पूर्ण बंद होतो का, हे पाइप कापण्याआधी तपासा. कापल्यावर कळलं तर डक्टमधून खालपर्यंत धबधबा जाईल.

जुनी लाइन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची आहे. प्लंबरकडे दोन पाने हवेत. एकाने व्हॉल्व्ह फिरवायचा, दुसऱ्याने मागचा पाइप घट्ट धरायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पाइप भिंतीच्या आत फिरतो, गंजलेला सांधा तिथे सुटतो, आणि ओल दिसते खालच्यांच्या छताला. यावर तू उभं राहून लक्ष ठेव, संकोच करू नकोस. पुढे सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप जोडणार असतील तर पितळी आट्यांचा जोड वापरायचा, टेफ्लॉन टेप आटे आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची, आणि प्लास्टिकच्या आट्यांवर ताकद दाखवायची नाही, चीर जाते. सोल्युशनने चिकटवलेला सांधा डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत तसाच राहू द्यायचा. पाणी सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, खालचा नळ उघडाच ठेवायचा, म्हणजे हवा आणि गंजाचं लाल पाणी तिथून निघून जाईल. त्या वेळी नळांच्या जाळ्या काढलेल्या असाव्यात.

यानंतरही पाणी फुरफुरत, तुटत आलं तर लाइनीत हवा अडकली आहे. गच्चीवर टाकीच्या आउटलेटला एक उभा, उघड्या तोंडाचा हवेचा पाइप असतो. त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर असायला हवं. पाणी सांडतं म्हणून कुणी त्याला बूच मारतं किंवा कापून टाकतं, आणि त्रास वरच्या मजल्याला होतो.

एवढं सगळं करूनही शॉवर समाधानकारक नसेल तर पंपाचा विचार जरूर कर. तो टाकीच्या आउटलेटवर, फक्त तुझ्या लाइनीला लागेल. गीझरच्या पट्टीवर लिहिलेलं प्रेशर आधी वाच. भिंतीतले जीआय पाइप मात्र बदलावे लागतील; पाव किलोवर टिकलेला गंजका पाइप पंपाच्या दीड-दोन किलोवर टिकेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आणि महापालिकेच्या येणाऱ्या लाइनीला मोटर लावायची सूचना कुणी केली, सोसायटीच्या सभेत केली तरी, तू विरोध कर. ते बेकायदेशीर आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे घातक आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. मोटरने ओढ लागली की रस्त्याखालच्या पाइपातला दाब पडतो आणि जिथे फट असेल तिथून आजूबाजूचं घाण पाणी आत शिरतं. ते पाणी पुढे किती घरांत जाईल सांगता येत नाही, आणि त्या घरांत लहान मुलं असतात. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत दुमजली घरासाठी बारा मीटर आणि तिमजलीसाठी सतरा मीटर दाब रस्त्याच्या लाइनीत असावा असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात तो मिळत नाही, म्हणून तर आपण तळाला हौद बांधतो आणि गच्चीवर टाकी ठेवतो. मोटर हौदातून ओढायची, रस्त्यातून नाही.

नवा व्हॉल्व्ह बसला की वर्षातून दोनदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघड. बेसिनखालचे, कमोडजवळचे अँगल कॉकही फिरवत जा. फिरवल्यावर जुन्या व्हॉल्व्हच्या दांडीतून थेंब यायला लागला तर घाबरू नकोस. ग्लँड नट पान्याने किंचित आवळ, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पाणी कुठे बंद करायचं हे नितीनरावांना, सासूबाईंना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेव. पाइप फुटतो तेव्हा तू ऑफिसात असण्याचीच शक्यता जास्त.

येत्या रविवारी बादलीची मोजणी कर, गच्चीवरच्या हवेच्या पाइपाचा फोटो काढ, आणि दोन्ही मला पाठव. ते पाहिल्याशिवाय पंपाचे पैसे देऊ नकोस.

तुझा,
विनायकमामा