आधी हवेला पाणी पाज

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस की थंडी पडली आणि दाराच्या मुठीला हात लावायची पुन्हा धास्ती वाटायला लागली. मला एकदम मागच्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ आठवली. मिनियापोलिसला तुझ्याकडे चार महिने होतो तेव्हाची. पायात नावाला लोकरीचे, पण निम्मे अ‍ॅक्रिलिकचे मोजे. तुमच्या त्या नायलॉनच्या गालिच्यावरून मी पाय घासत आलो, धाकट्याच्या गालाला बोट लावलं आणि चट्ट! अंधुक उजेडात निळसर ठिणगी मी डोळ्यांनी पाहिली. पोर कळवळून रडलं. पुढे दोन दिवस आजोबांनी हात पुढे केला की ते तुझ्या मागे लपायचं. हे माझ्या मनाला फार लागलं. म्हणून माझ्याजवळ जे आहे ते सगळं तुला लिहून देतोय.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. 1968 साली मी लालबागच्या गिरणीत सूतकताईच्या खात्यात बदली कामगार म्हणून लागलो आणि 1982 च्या संपापर्यंत तिथेच होतो. नुसता कापूस चालायचा तोवर सगळं ठीक होतं. पुढे टेरिकॉट आलं, म्हणजे कापसात पॉलिस्टरची भेसळ, आणि आमचे हाल सुरू झाले. डिसेंबर-जानेवारीत मुंबईला उत्तरेचा सुका वारा सुटला की तंतू विस्कटायचे, एकमेकांपासून लांब पळायचे, हाताला चिकटायचे, रुळांना गुंडाळून बसायचे. एक धागा सांधावा तर बाजूच्या चातीवरचा तुटायचा. माझा जॉबर जुना माणूस होता. तो धाग्याकडे बघायच्या आधी भिंतीकडे बघायचा. भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असत. एकाचं बूड कोरडं, दुसऱ्याच्या बुडाला मलमलीची ओली चिंधी. दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत पाणी किती ते कळायचं. फरक वाढला की तो ओरडायचा, "आधी हवेला पाणी पाजा, मग धाग्याला हात लावा." उकडतंय म्हणून कुणी खिडकी उघडली, तर त्याची धडगत नसे.

तोच माझा कानमंत्र. तुझ्या घरातला गालिचा आणि आमच्या चातीवरचा तो धागा एकाच जातीचे आहेत. दोघांनाही पाणी धरून ठेवता येत नाही. सर्वसाधारण हवेत कापूस वजनाच्या साडेआठ टक्के पाणी आपल्यात ओढून ठेवतो, लोकर तर 16 टक्क्यांच्या आसपास. नायलॉन जेमतेम 4 टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि स्वस्त गालिचे ज्याचे असतात ते पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. तळवा गालिच्याला टेकतो आणि सुटतो, तेव्हा थोडी वीज एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पावलागणिक ती अंगावर साठत राहते. तंतूत पाणी असेल तर तीच वीज हळूच वाट काढून निघून जाते. पाणी नसेल तर तिला वाटच नाही. मग ती तुझ्या बोटाच्या टोकाशी येऊन मुठीवर उडी मारते. चटका कळायलाच 3,000 व्होल्टच्या आसपास लागतात. अगदी कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना अंगावर 35,000 व्होल्टपर्यंत चढू शकतात. दमट हवेत तोच आकडा दीड हजारावर येतो, म्हणजे कळतसुद्धा नाही. आकडे ऐकून घाबरू नकोस. साठलेली वीज इतकी थोडी असते की ती क्षणात संपते. प्लगमधल्या 120 व्होल्टपासून पोराला जपायचं ते वेगळं. तो करंट जिवावर बेततो, हा नाही.

आता तुझं घर एवढं कोरडं का होतं ते समजून घे. बाहेर बर्फ आहे म्हणून हवेत पाणी आहे असं वाटतं, पण गार हवेला पाणी धरताच येत नाही. शून्याखाली 10 अंशांची हवा हीटरने 21 अंशांवर तापवली की तिच्यातला दमटपणा 15 टक्क्यांच्याही खाली उतरतो. तुझे ओठ फुटतात, धाकट्याच्या नाकातून सकाळी रक्त येतं, लाकडी खुर्ची कुरकुरते, आणि गालिचा चावतो. ही चार दुखणी नाहीत, एकच आहे.

म्हणून पहिला खर्च गालिच्यावर करू नकोस. दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते आण आणि गालिच्याच्या खोलीत, हीटरच्या झोतापासून लांब लाव. काटा 40 च्या आसपास आला की निम्म्याहून जास्त त्रास संपला असं समज. ह्युमिडिफायर लावलास तर त्याचं पाणी रोज ओतून टाक, भांडं पुसून कोरडं कर, नाहीतर त्यात बुरशी धरते आणि ती पोराच्या छातीत जाते. धुतलेले कपडे यंत्रात सुकवण्यापेक्षा हिवाळाभर घरातच दोरीवर टाक. तुझी आई चाळीच्या खोलीत पावसाळ्यात तसंच करायची आणि आम्ही कुरकुरायचो. तुझ्या घराला मात्र त्याचीच गरज आहे. पण हावरेपणा नको. काचेच्या आतून पाणी ओघळायला लागलं की थांब. कडाक्याच्या थंडीत 30-35 वरच समाधान मान, नाहीतर खिडकीच्या चौकटी काळ्या पडतील.

मग गालिचा. गिरणीत पॉलिस्टरची गासडी यायची तेव्हा तंतूंवर आधीच तेलकट हात फिरवलेला असे, वीज साठू नये म्हणून. घरी ते काम फॅब्रिक सॉफ्टनर करतो. त्याचं एक टोक तंतूला चिकटतं, दुसरं हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि धाग्यावर ओलसर पापुद्रा तयार होतो. एक झाकण अर्ध्या लिटर पाण्यात घालून फवाऱ्याच्या बाटलीत भर. आधी कपाटामागच्या कोपऱ्यात थोडं मारून बघ, रंग बदलतो का. दुसऱ्या दिवशी ठीक दिसलं तर, पोर झोपल्यावर, हात उंच धरून धुक्यासारखं मार. भिजवायचं नाही. सकाळपर्यंत पूर्ण सुकू दे, ओल्यावर कुणी चालायचं नाही. आजूबाजूच्या उघड्या फरशीवर उडालेलं लगेच पूस, तिथे पाय सटकतो. जास्त मारलंस तर गालिचा चिकट होऊन धूळ ओढेल. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे. घरात मांजर असती तर हे मी सांगितलंच नसतं, ती पाय चाटते आणि ते तिला बाधतं. आणि हवा हाडासारखी कोरडी असेल तर या पापुद्र्यालाही धरायला पाणी मिळत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, आधी हवा.

पायांचं फार सांगायला नको. रबरी तळव्याच्या सपाता आणि अ‍ॅक्रिलिकचे मोजे घरात बंद. सुती मोजे घाल, नाहीतर अनवाणी चाल. पाय घासत चालू नका, हे तुझ्या नवऱ्यालाही सांग.

आणि अंगावर चढलीच वीज, तर उतरवायची कशी? मुठीत किल्ली घट्ट धर आणि किल्लीचं टोक आधी दाराच्या मुठीला लाव. ठिणगी उडेल ती किल्लीच्या टोकावर. तुझ्या कातडीला मात्र ती एका टिंबावर न बसता सगळ्या पकडीभर पसरून जाते, म्हणून जाणवत नाही. धाकट्याला उचलून घेण्याआधी स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून ये. ही एवढी सवय मी शेवटच्या महिन्यात लावून घेतली, आणि जायच्या आधी तो पुन्हा माझ्या मांडीवर येऊन बसला.

एक गोष्ट मात्र हट्टाने सांगतो. गाडीच्या सीटचं कापडही याच जातीचं. पेट्रोल भरताना खाली उतरलीस की आधी गाडीच्या पत्र्याला हात लाव, मग नळी उचल. भरून होईपर्यंत गार लागतंय म्हणून पुन्हा आत जाऊन बसू नकोस. घरातली ठिणगी रडवते, तिथली पेट घेऊ शकते.

पुढे कधी गालिचा बदललात तर उलटून मागची चिठ्ठी वाच. लोकरीचा परवडला तर उत्तम. नायलॉनचाच घ्यायचा तर ज्यात कार्बनचे बारीक तंतू विणलेले असतात, वीज निघून जावी म्हणून, तसा मिळतो का विचार. कचेऱ्यांसाठी तसे करतात.

तोवर पोर खेळतं तेवढ्या जागेपुरती सुती सतरंजी गालिच्यावर टाक. तुमच्या हवेत तीही सुकेल, पण नायलॉनसारखी चावणार नाही. वरच्या मजल्यावरच्यांची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे येतेय, तिच्याबरोबर एक देतोय. लाल-निळ्या पट्ट्यांची आहे. पहिल्या दोन धुण्यांत रंग सुटेल, वेगळी धू.