श्वसनयंत्रावरील रुग्ण आणि गुंगीची औषधे

२०२० साली नवी मुंबईत वाशी येथील सिडको प्रदर्शन केंद्राचे रूपांतर कोविड उपचार केंद्रात झाले. त्या काळात ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. तथापि, या यंत्रावरील रुग्णास गुंगीत का ठेवतात, याची माहिती फारच थोड्यांना असते.

सेप्सिस म्हणजे काय?

जंतुसंसर्ग झाला असता शरीर त्याचा प्रतिकार करते. हा प्रतिकार अनावर झाल्यास दाह सर्वांगात पसरतो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे आदी इंद्रिये निकामी होऊ लागतात. ही अवस्था म्हणजे सेप्सिस होय. फुप्फुसे दुबळी झाल्यास श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. ती नळी रुग्णास सहन व्हावी, यास्तव गुंगीचे औषध दिले जाते.

औषधांची निवड

मिडाझोलामसारख्या जुन्या औषधांचा अंमल दीर्घकाळ रेंगाळतो आणि रुग्णास भ्रम होण्याची शक्यता वाढते. प्रोपोफॉलचा अंमल लवकर चढतो व लवकर उतरतो. मात्र त्याने रक्तदाब घटू शकतो. डेक्समेडेटोमिडीनने रुग्ण शांत राहतो, तरी हाक मारताच जागा होतो. मात्र नाडी मंदावू शकते. हे औषध दाहही कमी करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळल्याने त्याविषयी मोठी आशा निर्माण झाली होती.

या आशेची कसोटी अमेरिकेतील १३ केंद्रांत घेण्यात आली. श्वसनयंत्रावरील सेप्सिसच्या ४२२ रुग्णांना या दोहोंपैकी एक औषध देण्यात आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण डेक्समेडेटोमिडीन घेणाऱ्यांत ३८ टक्के, तर प्रोपोफॉल घेणाऱ्यांत ३९ टक्के होते. भ्रम वा बेशुद्धीविना गेलेल्या दिवसांतही लक्षणीय फरक आढळला नाही.

गुंगी किती असावी?

औषधाच्या नावाइतकेच महत्त्व त्याच्या मात्रेला आहे. शिकागो येथे १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुंगीचे औषध रोज काही काळ थांबविण्यात आले. त्या रुग्णांचा श्वसनयंत्रावरील काळ सुमारे ७ दिवसांवरून ५ दिवसांवर आला. म्हणून शक्य तेथे हलकी गुंगी ठेवण्याकडे आज तज्ज्ञांचा कल आहे. रुग्ण डोळे उघडतो, हात हलवितो, हे पाहून आप्तांनी घाबरू नये किंवा अधिक गुंगीचा आग्रह धरू नये.

वेळीच उपचार

सेप्सिसमध्ये प्रत्येक तास मोलाचा असतो. तापाबरोबर धाप लागणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे किंवा अंग थंड पडणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेक रुग्णांवर श्वसनयंत्राची वेळच येणार नाही.