भाडं आधी कुणाच्या हातात पडावं?

प्रश्न : मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही लातूरला दुमजली घर बांधलं. मुलं आता पुण्यात नोकरीला आहेत आणि आम्ही दोघं परत शेतीकडे आलो. खोल्या अकरावी-बारावी आणि नीटच्या मुलांना भाड्याने देतो, पण दर महिन्याला लातूरच्या चकरा झेपत नाहीत. ओळखीतले एक गृहस्थ सगळं सांभाळायला तयार आहेत. भाड्याच्या दहा टक्के मागतात. छापील करार आणि मुखत्यारपत्र घेऊन आले होते. सही करावी का?
– एक वाचक, शिरूर अनंतपाळ

उत्तर : इतक्यात करू नका. दहा टक्क्यांचं नंतर बघता येईल, आधी पैशाची वाट ठरवा. भाडं आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात जमा व्हावं आणि त्यांचा मोबदला महिनाअखेरीस तुम्ही द्यावा. भारतीय करार कायदा (1872) प्रतिनिधीला हातात आलेल्या पैशातून आपला खर्च आणि मोबदला कापून घेण्याची मुभा देतो. मागितला की हिशेब देणं त्याला बंधनकारक आहे हे खरं. पण कापलेली रक्कम पटली नाही, तर ती परत मिळवायला धावपळ तुम्हालाच करावी लागते.

टक्केवारी 'जमा झालेल्या' भाड्यावर, असा शब्द करारात घाला. 'ठरलेल्या' भाड्यावर असेल तर मे महिन्यात नीट आटोपून मुलं गावी गेली, तरी रिकाम्या खोल्यांचे दहा टक्के तुम्ही भरत राहाल.

लातूरच्या घराला पाण्याचं कलम हवंच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंच असेल. टँकर कुणी मागवायचा, पैसे मालकाने द्यायचे की भाडेकरूंनी वाटून, हे आधीच लिहा. दुरुस्तीलाही मर्यादा घाला : समजा दोन हजारांपर्यंत ते आपल्या अखत्यारीत करतील, पुढे तुमचा होकार आणि पक्कं बिल. टँकरवाल्याकडून किंवा प्लंबरकडून वेगळं कमिशन घेणार नाही, हेही लिहून घ्या.

मुखत्यारपत्राची मला खरी काळजी वाटते. छापील मसुद्यात विक्री, गहाण, करार असे सगळेच अधिकार असतात. ते काढून टाका. खोल्या दाखवणं, वीज-पाण्याच्या तक्रारी करणं एवढेच ठेवा. भाडेकरारावर सही तुमचीच हवी. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा 1954 चा घरभाडे कायदा होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. 'मॅनेजर विसरले' हे उत्तर तिथे चालत नाही. नोंदणी ऑनलाइनही होते. तुमचे बरेच भाडेकरू अठरा वर्षांखालचे असतील. त्यांच्याशी केलेला करार टिकत नाही, तो पालकांशीच करा.

या गृहस्थांशी होणाऱ्या कराराची मुदत एक वर्षाचीच ठेवा आणि दोन्ही बाजूंना महिन्याची नोटीस. तीन वर्षांचा करार पुरेशा कारणाशिवाय मध्येच मोडला, तर भरपाई मागितली जाऊ शकते. आणखी एक बारीक गोष्ट : मोबदला थकला तर प्रतिनिधी तुमची कागदपत्रं अडवून ठेवू शकतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून वेगळं लिहाच : करार संपताच किल्ल्या आणि सगळे करार आठ दिवसांत परत, वाद असला तरी.

आता दहा टक्के. दोन्ही मजल्यांची रोजची देखभाल, पाणी, मुलांच्या पालकांचे फोन हे सगळं ते बघणार असतील, तर मला ते जास्त वाटत नाहीत. नुसती भाडेवसुली असेल तर पाचावर आणा. जुनाच भाडेकरू राहिला तर नूतनीकरणाची वेगळी दलाली देऊ नका. आयकरात घरभाड्यावर 30 टक्के ठोक वजावट मिळते. मॅनेजरचा मोबदला त्यातच आला, वेगळा दाखवता येत नाही. सही करण्याआधी खोल्यांचं खरं उत्पन्न काढताना हा खर्च पूर्ण धरा.