लॅपटॉप जोडला की अ‍ॅम्प्लिफायर घुमतो

प्रश्न : घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर एरवी शांत असतो. लॅपटॉपची ऑडिओ केबल लावली की घुर्रघुर्र सुरू होते. फिल्टर कपॅसिटर बदलूनही फरक नाही. काय करावे?

उत्तर : कपॅसिटरचा बहुधा दोष नाही. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. आवाज थांबला, तर हा ग्राउंड लूप. दोन्ही उपकरणांना तीन पिनी प्लगमधून अर्थिंग मिळते आणि केबलची शील्ड त्यांना पुन्हा जोडते. या बंद वाटेने ५० हर्ट्झचा किंचित प्रवाह फिरतो. शील्डवर पडणारा त्याचा मिलिव्होल्टभर दाबही अ‍ॅम्प्लिफायर इमानाने मोठा करतो.

आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तेवढ्याने भागले नाही, तर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. अर्थची पिन मात्र कापू नका. हा ‘उपाय’ सर्रास सुचवला जातो. घुरघुर जाते, पण आत फेज तुटून धातूच्या पेटीला टेकली तर पेटी २३० व्होल्टवर राहते.

ऑसिलोस्कोप वापरत असाल, तर त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिपही सहसा अर्थलाच जोडलेली असते. एसएमपीएसच्या मेन्सकडच्या भागाला ती लावाल, तर थेट शॉर्ट! तिथे डिफरन्शियल प्रोबच हवा.